लस आली नाही मग लॅब कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी

२०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने, ड्यूक विद्यापीठ आणि स्क्रिप्स संशोधन संस्था इथल्या, एचआयव्ही लसीवर काम करणाऱ्या दोन मोठ्या गटांना कळवून टाकलं की तुमचं ग्रँट पुढे चालू राहणार नाही. त्याआधी वर्षाच्या सुरुवातीलाच दक्षिण आफ्रिकेतून चालणारा ब्रिलियंट नावाचा एचआयव्ही लसीचाच प्रकल्प अडकला होता, त्यात आफ्रिकेतले आठ देश होते आणि युएसएडचे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेचे, साडेचार कोटी डॉलर. आपल्याकडे यावर फारशी चर्चा झाली नाही, पण माझ्या ओळखीत ज्यांनी वाचलं त्यातल्या बऱ्याच जणांनी मला एकच विचारलं, अगं चाळीस वर्षं झाली, लस आली का? नाही ना? मग एवढ्या लॅब्स कशाला चालवायच्या?

विचारणाऱ्यांचा राग येत नाही, पैसा शेवटी लोकांचा आहे आणि हिशोब मागायलाच हवा. पण हिशोब मागताना कुठली वही उघडायची ते आधी ठरवा ना. लस यशस्वी झाली का ही लस बनवणाऱ्यांची वही. अनेक देशांनी मिळून वापरायच्या सामायिक लॅबची वही वेगळी आहे, तिच्यात दोन गोष्टी बघायच्या: इथला आकडा दुसरीकडे मानला जातो का, आणि ज्या देशातल्या माणसांनी रक्त दिलं त्या देशात ते काम करायची अक्कल आणि हात शिल्लक राहिले का. या दोन गोष्टी न बघता केलेलं मूल्यमापन माझ्या दृष्टीने मूल्यमापनच नाही, मग रिपोर्ट कितीही जाडजूड असो.

मी पुण्यात एका लॅबमध्ये सहा वर्षं टेक्निशियन होते. ट्रायलमधल्या व्हॉलंटिअर्सचं रक्त यायचं. ट्यूब आली की घड्याळ सुरू, आठ तासांच्या आत त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून गोठवायला लावायच्या. फायकॉल नावाचं जड द्रव खाली, त्यावर रक्त इतकं हळू सोडायचं की दोन्ही मिसळता कामा नये, पिपेट ट्यूबच्या भिंतीला टेकवून, श्वास रोखून. सेंट्रिफ्यूजमधून काढलं की तळाशी लाल, वर पिवळट प्लाझ्मा, आणि मधे दुधावरच्या पातळ सायीसारखी एक रिंग. सगळा जीव त्या रिंगमध्ये. ती उचलायची, धुवायची, निळा डाय घालून मायक्रोस्कोपखाली मोजायची, मेलेल्या पेशी निळ्या पडतात, जिवंत असतात त्या चमकत राहतात. मग मिनिटाला एक डिग्री अशा वेगाने गार करत उणे ऐंशीला, आणि दुसऱ्या दिवशी लिक्विड नायट्रोजनच्या टँकमध्ये. रक्त रिक्षात अडकून उशिरा आलं, किंवा धुताना कोणी घाई केली, तर त्या दिवशी काहीच कळत नाही. कळतं तीन-चार वर्षांनी, कोणीतरी दुसऱ्या खंडात ती ट्यूब कोमट पाण्यात धरून वितळवतं आणि बघतं तर निम्म्या पेशी निळ्या.

एकदा आमच्याकडे क्वालिटीचं पॅनेल आलं. म्हणजे त्याच मोजक्या माणसांच्या पेशी बऱ्याच लॅब्सना पाठवतात, कुठली ट्यूब कोणाची ते कोणाला सांगत नाहीत, सगळ्यांनी तीच चाचणी करायची आणि आकडे परत पाठवायचे. चाचणी होती एलिस्पॉट, त्यात प्रतिसाद देणारी पेशी जिथे बसलेली असते तिथे प्लेटवर एक ठिपका उमटतो, ते ठिपके मोजायचे. एका ट्यूबला आमच्याकडे साठेक ठिपके आले. दुसऱ्या एका लॅबला त्याच पेशींचे दीडशेच्या वर. मला आठवतं, मी ती प्लेट परत परत उजेडात धरून बघत होते की ठिपके मोजायचे राहिले का. तीन आठवडे मेल आणि फोन चालले, शेवटी कारण सापडलं ते अगदी साधं होतं: ते लोक वितळवलेल्या पेशींना रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवून सकाळी चाचणीला घ्यायचे, आम्ही दोन तासांत घ्यायचो, आणि वाढीसाठी घालायच्या सीरमचा लॉटही वेगळा होता. चूक म्हणावी तर कोणाचीच नाही, दोघांनी आपापल्या एसओपीप्रमाणे, म्हणजे लिहून ठरवलेल्या पद्धतीप्रमाणे, बरोबरच केलं होतं. पण ते पॅनेल आलंच नसतं आणि आमच्या शहरात एक लस आणि त्यांच्या शहरात दुसरी लस टेस्ट होत असती, तर जगाने काय समजलं असतं? की त्यांची लस आमच्या लसीपेक्षा अडीचपट भारी आहे. आणि खरं तर फरक होता एका रात्रीच्या झोपेचा, पेशींच्या.

सामायिक लॅब लागते ती यासाठी. महागडी मशीन वाटून घेता येते हा भाग आहेच, पण तो दुय्यम आहे. २००३ मध्ये बऱ्याच शास्त्रज्ञांनी मिळून ग्लोबल एचआयव्ही व्हॅक्सिन एंटरप्राइजची कल्पना मांडली तेव्हा दुखणं हेच होतं, प्रत्येक गट आपली लस, आपली चाचणी, आपला आकडा घेऊन बसलेला, दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायची सोय नाही. मग २००६ मध्ये गेट्स फाउंडेशनने २८ कोटी ७० लाख डॉलरची १६ ग्रँट्स जाहीर केली, १९ देशांतले १६५ च्या वर शास्त्रज्ञ, आणि अट घातली की तुमचे निकाल आपसात शेअर करायचे आणि लसींची तुलना सेंट्रल लॅब्समध्ये एकाच पद्धतीने व्हायची. ती अट मला त्या सगळ्या पैशांपेक्षा मोठी वाटते. जर्मनीत सारलँडमध्ये फ्राउनहोफरच्या संस्थेत याच कामासाठी अतिथंड साठवणीची बँक उभी राहिली, ड्यूकमध्ये जगभरच्या लॅब्सना अशी पॅनेल्स पाठवून त्यांचे आकडे तपासणारा कार्यक्रम सुरू झाला.

आता याचा उपयोग काय झाला ते सांगते, कारण लोकांना वाटतं लस फेल गेली म्हणजे सगळंच पाण्यात.

थायलंडमध्ये १६ हजारांवर लोकांवर झालेली आरव्ही १४४ ही ट्रायल, निकाल २००९ मध्ये आला, संरक्षण फक्त ३१ टक्के. लस म्हणून वापरण्याइतकं ते नव्हतंच. पण ३१ टक्के कशामुळे मिळालं हे शोधायचं तर उरलेल्या रक्ताच्या ट्यूबा मर्यादित होत्या आणि प्रत्येक लॅब म्हणत होती माझी चाचणी लावा. मग त्यांनी काय केलं, आधी पायलट सॅम्पल्सवर ३२ प्रकारच्या चाचण्या लावून बघितल्या, त्यातल्या नीट चालणाऱ्या १७ ठेवल्या, त्यातल्या ६ मुख्य म्हणून आधीच जाहीर केल्या, आणि मगच लस घेऊनही संसर्ग झालेल्या ४१ जणांची आणि न झालेल्या २०५ जणांची सॅम्पल्स काढली. २०१२ मध्ये उत्तर आलं, विषाणूच्या आवरणातल्या व्ही१व्ही२ या भागाला चिकटणाऱ्या अँटीबॉडी ज्यांच्यात जास्त होत्या त्यांना धोका कमी. ज्या ट्यूबा कित्येक वर्षं थंडगार पडून होत्या त्यांनी हे सांगितलं. मला ही गोष्ट आजही अंगावर काटा आणते, कारण कुठेतरी थायलंडमध्ये कोणीतरी माझ्यासारखंच श्वास रोखून पिपेट धरलं होतं म्हणून ते शक्य झालं.

पण इथे थांबले तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. त्याच धाग्यावर दक्षिण आफ्रिकेत एचव्हीटीएन या एचआयव्ही लसींच्या ट्रायल्स चालवणाऱ्या नेटवर्कची ७०२ ही ट्रायल झाली, पाच हजारांवर माणसं, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती थांबवावी लागली, लस घेतलेल्यांत १३८ संसर्ग आणि न घेतलेल्यांत १३३. काहीच फरक नाही. त्याच्याही आधी, २००७ ला, मर्कची लस स्टेप ट्रायलमध्ये पडली, आणि तिचे एलिस्पॉटचे आकडे उत्तम होते, बहुतेक लोकांत ठिपके छान उमटत होते, तरी संरक्षण शून्य. म्हणजे सगळ्या लॅब्सचे आकडे एकमेकांशी जुळले म्हणून तो आकडा कामाचा ठरतो असं नाही, सगळे मिळून एकच चुकीची गोष्ट अगदी अचूक मोजत असू शकतात. सामायिक लॅबवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. एकदा एक पद्धत पक्की झाली, सर्टिफिकेट मिळालं, तिच्या मशिनी घेतल्या, माणसं ट्रेन झाली, की मग नवीन पद्धत आणायला कोणाला उत्साह राहत नाही, कारण नवीन आणली की जुन्या दहा वर्षांच्या आकड्यांशी तुलना तुटते. म्हणून मूल्यमापन करणाऱ्यांनी हे जरूर विचारावं की गेल्या पाच वर्षांत तुम्ही कुठली चाचणी बंद केली आणि का. उत्तर कुठलीच नाही असं आलं तर ती लॅब कितीही चकचकीत असली तरी झोपलेली आहे.

उलट उदाहरणही आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. टीझेडएम-बीएल नावाच्या पेशींवरची चाचणी आहे, त्या पेशीत विषाणू शिरला की ती उजेड देते, अँटीबॉडीने विषाणूला अडवलं की उजेड कमी होतो, उजेड मोजायचा. ही चाचणी वर्षानुवर्षं वेगवेगळ्या देशांत एकाच पद्धतीने, तेच विषाणूंचे संच वापरून बसवली गेली. मग एएमपी ट्रायल्स झाल्या, ४६०० च्या वर लोकांना व्हीआरसी०१ ही तयार अँटीबॉडी किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं द्रव, सलाईनमधून दिलं. २०२१ मध्ये निकाल आला, एकूण बघितलं तर संरक्षण सिद्ध झालं नाही. लोकांच्या दृष्टीने अजून एक फेल. पण संसर्ग झालेल्या प्रत्येकाचा विषाणू घेऊन त्या उजेडाच्या चाचणीत तपासला तेव्हा दिसलं की जे विषाणू प्लेटमध्ये या अँटीबॉडीला सहज दबत होते त्यांच्यापासून माणसांतही ७५ टक्के संरक्षण मिळालं होतं, बाकीच्यांपासून नाही. म्हणजे प्लेटमधला आकडा आणि माणसाच्या शरीरातलं संरक्षण यांची गाठ पडली. आता पुढची लस बनवणाऱ्याला अँटीबॉडी कितपत ताकदीची लागेल याचा अंदाज आहे, तो आधी नव्हता. ही कमाई कुठल्या वहीत लिहायची? लस आली का या वहीत तिला जागाच नाही.

आता आपल्याकडचं. फेब्रुवारी २००५ मध्ये भोसरीच्या नारीत, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, भारतातली पहिली एचआयव्ही लसीची मानवी चाचणी सुरू झाली, ३० व्हॉलंटिअर. तीच लस बेल्जियम आणि जर्मनीतही टेस्ट होत होती. २००६ मध्ये चेन्नईत दुसरी लस, मग २००९ मध्ये पुणे आणि चेन्नई मिळून ३२ जणांवर दोन लसी एकामागून एक देऊन बघितल्या. सगळ्या पहिल्या टप्प्यातल्या. पहिली लस सुरक्षित निघाली पण प्रतिकारशक्ती पुरेशी जागी झाली नाही म्हणून पुढे गेली नाही. पुढे फरीदाबादला टीएचएसटीआय ही सरकारी संशोधन संस्था आणि इंटरनॅशनल एड्स व्हॅक्सिन इनिशिएटिव्ह यांची मिळून एक लॅब झाली, तिथे लसीचा घटक कसा बनवायचा यावर काम झालं. आणि हे काम इथेच का व्हायला हवं याचं कारण आहे, आपल्याकडचा एचआयव्ही बहुतांश सी उपप्रकारातला आहे, अमेरिका-युरोपात जो बी जास्त आढळतो तो नाही. जगातल्या चाचण्यांच्या संचात आपल्या माणसांकडून मिळालेले विषाणू नसतील तर तिथे पास झालेली लस इथे चालेल की नाही हे कोण सांगणार? देशात एचआयव्हीसह जगणारी माणसं २५ लाखांच्या आसपास आहेत, त्यात महाराष्ट्राचा आकडा सगळ्या राज्यांत मोठा.

यावर अगदी रास्त प्रश्न येतो की सॅम्पल बाहेर पाठवा ना, ड्यूक आहे, सिएटलची लॅब आहे, त्यांचे हात बसलेले आहेत, इथे कशाला पुन्हा सगळं उभारायचं. खर्चाच्या दृष्टीने हे म्हणणं खोटं नाही. अँटीबॉडी बनवणाऱ्या एकेका बी पेशीला वेगळं काढून तिचा जनुकीय क्रम वाचायचा असल्या कामाला खरंच दोन-चार ठिकाणं पुरतात, प्रत्येक शहरात ते मशीन आणून धूळ खात ठेवण्यात काही अर्थ नाही. पण रोजच्या चाचण्या, पेशी वेगळ्या करणं, एलिस्पॉट, उजेडाची चाचणी, या जिथे व्हॉलंटिअर आहेत तिथेच व्हायला हव्यात, आणि पॅनेल्सच्या जोरावर त्या होऊ शकतात हे सिद्ध झालेलं आहे. केप टाउनमध्ये एचव्हीटीएनची इम्युनॉलॉजी लॅब उभी राहिली तीच मुळी तिथल्या ट्रायल्सची सॅम्पल्स तिथेच तपासायला. आणि त्या देशाला याचा परतावा कसा मिळाला ते कोविडमध्ये सगळ्यांनी पाहिलं, २०२१ च्या जानेवारीत बीटा व्हेरिअंट आधीच्या अँटीबॉडींना चकवतो हे जोहान्सबर्गच्या ज्या शास्त्रज्ञांनी दाखवलं त्यांनी आधीची कितीतरी वर्षं एचआयव्हीच्याच अँटीबॉडींवर काढली होती, पद्धत हाताखालची होती, विषाणूचं आवरण तेवढं बदललं. परदेशात सॅम्पल पाठवून तीन महिने वाट बघत बसावं लागलं नाही. अमेरिकेतही कोविड लसींच्या ट्रायल्ससाठी जे नेटवर्क २०२० मध्ये झटपट उभं राहिलं ते एचआयव्हीच्याच नेटवर्कांना जोडून.

म्हणून माझी सूचना अशी आहे की सेंट्रल लॅबला मार्क देताना तिने किती सॅम्पल्स तपासली हे मोजू नका, म्हणजे मोजा, पण त्याने खूश होऊ नका. दहा वर्षांपूर्वी पुण्यातून, युगांडातल्या कंपालातून, झांबियातल्या लुसाकातून तिच्याकडे जाणारं जे काम होतं त्यातलं किती आता तिथल्या तिथे होतंय आणि आकडा तरीही जुळतोय, हे मोजा. ज्या सेंट्रल लॅबकडे दहा वर्षांनीही तीच साधी सॅम्पल्स त्याच खोक्यांतून येतायत तिने कोणाला काही शिकवलं नाही, फक्त गोळा केलं.

माणसांचाही हिशोब यात यायला हवा आणि तो कधीच येत नाही. मशीनची किंमत रिपोर्टात असते, तिच्या देखभालीचा करार, एएमसी, किती ते असतं, पण त्या मशीनवर बसलेली मुलगी अकरा महिन्यांच्या करारावर आहे आणि प्रोजेक्ट संपला की जाणार आहे हे कुठल्याच रकान्यात नसतं. एलिस्पॉटमध्ये हात बसायला आम्हाला आठ-नऊ महिने लागले होते, दोन पॅनेल फेल झाल्यावर तिसऱ्यात पास झालो. आणि ग्रँट संपल्यावर सहा जणींपैकी पाच जणी दीड वर्षात बाहेर. मशीन तिथेच. नवीन ग्रँट आलं तेव्हा नव्या मुली आल्या आणि परत पहिल्यापासून, परत फेल, परत फोन. याला कोणी वाया गेलेला पैसा म्हणत नाही कारण तो कागदावर दिसत नाही, पण माझ्या मते सामायिक लॅब्समध्ये सगळ्यात जास्त गळती इथूनच होते.

अजून एक जण आहे जिला मूल्यमापनात कोणी विचारत नाही. आमच्याकडे एक बाई व्हॉलंटिअर म्हणून यायच्या, घरकाम करणाऱ्या, प्रत्येक व्हिजिटला दोन बस बदलून. शेवटच्या व्हिजिटला त्यांनी मला विचारलं, ताई, माझ्या रक्ताचं पुढं काय झालं हो? मला सांगता आलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं, ट्यूबा बॉक्समध्ये गेल्या होत्या, निकाल कुठेतरी एका पेपरमध्ये येणार होता, इंग्रजीत, आणि तो मलाही नंतर कधीतरी शोधून वाचावा लागला. त्या हो का म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या. सामायिक म्हणताना आपण शास्त्रज्ञांमध्ये सामायिक एवढंच धरतो. ज्यांच्या दंडातून ते आलं त्यांना एक पानभर मराठीत कळवायला काय खर्च येतो? लॅबच्या तपासणीत हा एक प्रश्न सक्तीचा करा, बघा किती जणांकडे उत्तर आहे.

काही जण आता म्हणतात एचआयव्हीचा संसर्ग टाळणारं लेनाकापाविर आलं, वर्षातून दोन इंजेक्शनं, २०२४ च्या ट्रायलमध्ये ते घेणाऱ्या २१३४ बायकांत एकही संसर्ग नाही, स्वस्तातली आवृत्ती बनवायला भारतीय कंपन्याही उतरल्यायत, मग लस हवी कशाला. औषध अप्रतिम आहे, ते लवकरात लवकर आपल्याकडे पोचायला हवं यात दुमत नाही. पण दर सहा महिन्यांनी निरोगी माणसाने आयुष्यभर दवाखान्यात यायचं, आणि तेही ज्या बायकांना पहिल्याच वेळी तिथे जायला घरात खोटं बोलावं लागतं त्यांनी, हे कितीजणींना जमेल ते मी त्या रांगेत बसलेल्यांकडे बघून सांगते, खूप जणींना जमणार नाही. २०२३ मध्ये जगात १३ लाखांच्या आसपास नवीन संसर्ग झाले, औषधं असताना.

परवा आमच्यातल्या त्या पाचजणींपैकी एकीचा फोन आला. तिचा हात आमच्यात सगळ्यात चांगला होता, तिच्या पेशी वितळवल्या की नव्वद टक्क्यांच्या वर जिवंत निघायच्या, आम्ही अवघड सॅम्पल आलं की तिलाच द्यायचो. आता ती एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये सकाळी सहा ते दोन ब्लड कलेक्शन करते, सीबीसी आणि शुगर. एलिस्पॉटचं तिचं सर्टिफिकेट केव्हाच संपलं, ते दरवर्षी पॅनेल देऊन रिन्यू करावं लागतं आणि पॅनेल यायला लॅब लागते. फोन ठेवताना म्हणाली, कुठे नवीन प्रोजेक्ट निघाला तर सांग ग, पगार थोडा कमी असला तरी चालेल.